कुलपातले विमान आणि प्रोमो कोड

विमान उडवण्याच्या खेळात प्रोमो कोड टाकून पुढचे विमान लवकर मिळवणे ही लबाडी आहे का, असा प्रश्न गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीने मला विचारला. निमित्त होते तिची अकरा वर्षांची मुलगी. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावर विमानांचे अनेक खेळ आहेत. त्यांतल्या एका खेळात भाचीजवळ पंख्याचे छोटे विमान होते आणि तिला दोन जेट इंजिनांचे प्रवासी विमान हवे होते. तेवढी नाणी जमवायची तर तिच्या हिशेबाने अजून चाळीसेक फेऱ्या माराव्या लागणार होत्या. म्हणून वहीच्या फाडलेल्या पानावर उतरवून आणलेले कोड ती माझ्या शेजारी बसून एकामागून एक टाकत होती. सगळी अक्षरे मोठी, मध्ये खालची रेघ, शेवटी एखादा आकडा. एक अक्षर चुकले तरी चालत नाही. दर वेळी कोड अवैध असल्याची लाल पाटी झळकत होती. "मामा, हा कालपर्यंत चालत होता म्हणे," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सातांपैकी एक कोड लागला, नाणी खळखळली आणि पोरीचा चेहरा उजळला. तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, ही कॉपीच झाली की. आज खेळात कोड, उद्या परीक्षेत चिठ्ठी."

मी त्या वेळी "नाही गं, तसे नसते" एवढेच म्हणालो. बहिणीची शंका मात्र साधी नव्हती आणि माझे उत्तर तोकडे होते. गेली बारा-तेरा वर्षे मी घरच्या संगणकावर सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारा खेळ, उडवतो आहे. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

कोड म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. रोब्लॉक्सवर खेळ बनवणारी मंडळी खेळाला ठरावीक संख्येने पसंती मिळाली, नवी आवृत्ती आली किंवा सण आला की एखादा शब्द जाहीर करतात. खेळातल्या चौकटीत तो शब्द टाकला की काही नाणी मिळतात किंवा काही मिनिटे दुप्पट कमाई सुरू होते. काही दिवसांनी तो शब्द बहुधा न सांगताच बंद होतो. ही नाणी देताना बनवणाऱ्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही, कारण नाणी म्हणजे त्याच्याच वहीतला आकडा. विमानाची किंमत त्यानेच ठरवलेली असते, एका फेरीला किती नाणी मिळावीत हेही त्यानेच, आणि म्हणून चाळीस फेऱ्यांची प्रतीक्षाही त्याचीच निर्मिती असते. विहिरीवर झाकण ज्याने घातले, त्यानेच अधूनमधून तांब्याभर पाणी वाटावे, असा हा व्यवहार आहे. ते पाणी पिणाऱ्या मुलीला चोर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परीक्षेतली चिठ्ठी परीक्षकाच्या नकळत आलेली असते. हा कोड परीक्षकाने स्वतः फळ्यावर लिहिलेला असतो.

तेव्हा कोड वापरणाऱ्याकडे मला दोष दिसत नाही. मुळात ते विमान कुलपात का आहे, हा प्रश्न विचारायला हवा, आणि पालक, शिक्षक व ग्राहक म्हणून आपण तो विचारत नाही, अशी माझी तक्रार आहे.

ज्या सिम्युलेटरमध्ये कुलूपच नाही त्याकडे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. फ्लाइटगिअर हा १९९७ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेला, फुकट आणि खुल्या स्रोताचा सिम्युलेटर आहे. त्यात पहिल्या दिवशी वाटेल ते विमान उतरवून घ्यावे आणि उडवावे. एक्स-प्लेन विकत घ्यावा लागतो, पण एकदा घेतला की त्यातली सगळी विमाने समोर उभी असतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेली आवृत्ती तर एकाच खेळात दोन्ही बाजू दाखवते. तिच्यातल्या करिअर प्रकारात परवान्यापासून सुरुवात करून, दुसऱ्याची विमाने उडवून पैसे साठवत स्वतःच्या विमानापर्यंत पोहोचावे लागते. मुक्त उड्डाणात मात्र तुम्ही विकत घेतलेल्या आवृत्तीतले कोणतेही विमान कोणत्याही विमानतळावरून लगेच उडवता येते. वाट पाहायची की नाही, हे तिथे खेळणारा ठरवतो. मुक्त उड्डाणात 'वेगाने प्रगती करण्याचा कोड' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. तरीही अशा सिम्युलेटरवर माणसे वर्षानुवर्षे रमतात. कुलूप काढले तर मुलांचा रस संपेल, या दाव्याला माझ्या दृष्टीने एवढे उत्तर पुरेसे आहे.

रस कशात असतो, हे त्याच सुटीत घरी पाहायला मिळाले. भाचीला मी माझ्या संगणकावर बसवले आणि सेस्ना १७२ हे शिकाऊ विमान दिले. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरताना, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, पूर्ण खाली घेऊन या विमानाचा वेग साधारण ६५ नॉट (ताशी सागरी मैल) ठेवायचा असतो. तिने पुण्याच्या धावपट्टीवर ते आणले तेव्हा वेग ८५ होता. जमिनीपासून हातभर उंचीवर येऊन विमान टेकेचना. जमिनीलगत हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग जास्त असला की विमान तिथेच तरंगत राहते. अर्धी धावपट्टी संपली, पोरगी घाबरली, तिने नाक खाली दाबले, पुढचे चाक आधी टेकले आणि विमान चेंडूसारखे उसळले. दुसऱ्या वेळी तसेच झाले, तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी तिने स्वतःच विचारले की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, आधीपासूनच कमी केले तर काय होईल. मग आम्ही धावपट्टीला समांतर उडताना, तिचे टोक बाजूला आले की थ्रॉटल ओढायचे, वेग उतरू द्यायचा, एकेक टप्पा फ्लॅप घ्यायचे आणि नाक वेगासाठी, थ्रॉटल उंचीसाठी वापरायचे, असे घोकले. संध्याकाळपर्यंत चौदा वेळा उतरणे झाले. चौदाव्या वेळी मागची चाके आधी टेकली आणि ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या.

या चौदा प्रयत्नांतला एकही कमी करू शकेल असा कोड जगात कोणाकडे नाही. ही प्रतीक्षा हाताची आणि डोळ्यांची आहे, आणि तिच्यात दर वेळी काहीतरी पदरात पडते. याउलट त्या दुसऱ्या खेळातल्या चाळीस फेऱ्यांत पाचव्या फेरीनंतर शिकण्यासारखे काही उरत नव्हते. विमान जवळपास आपले आपण उतरत होते आणि ती फक्त आकडा वाढण्याची वाट पाहत होती. 'मुलांना धीर धरायला शिकवले पाहिजे' असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. पण रांगेत उभे राहण्याचा धीर वेगळा आणि रियाजाचा धीर वेगळा. पहिला धीर शिकवण्याची आमच्या मुलांना खेळाकडून गरज नाही. तो त्यांना रेशनच्या दुकानापासून बसच्या थांब्यापर्यंत सगळीकडे शिकायला मिळतो.

आता कुलपाची दुसरी जात. काही दारे बंद ठेवण्यामागे योग्य कारण असते आणि तिथे आडवाट शोधणे मला मुळीच मान्य नाही. इन्फिनाइट फ्लाइट या मोबाइलवरच्या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाचे तास, अनुभवाचे गुण आणि उतरण्यांची संख्या यांवरून श्रेणी ठरते, आणि तिथल्या तज्ज्ञांच्या सर्व्हरवर जायला तिसरी श्रेणी लागते. व्हॅटसिम या २००१ पासून चालणाऱ्या स्वयंसेवी जाळ्यावर जगभरची हौशी माणसे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून फुकट बसतात. तिथे नव्या सभासदाला आधी प्राथमिक चाचणी द्यावी लागते. कारण उघड आहे. संध्याकाळी मुंबईच्या आभाळात वीस जण एकामागून एक उतरत असताना, रेडिओवर काय बोलायचे हे ठाऊक नसलेला एकविसावा मध्ये घुसला तर त्या विसांची आणि पदरचा वेळ घालून बसलेल्या नियंत्रकाची संध्याकाळ वाया जाते. ते कुलूप इतरांच्या भल्यासाठी आहे आणि ते उघडायची किल्लीही योग्यताच आहे, पैसा किंवा पसंतीचे बटण नव्हे.

खऱ्या विमानसेवेतले तास याच जातीचे असतात. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन करावे लागतात. बारामतीला किंवा धुळ्याला शिकणारी मुले भर उन्हात या तासांसाठी रांगेत असतात आणि त्यातला तास न् तास लॉगबुकात चढतो. हे टप्पे चुकवले की काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. जानेवारी २०११ मध्ये दाबोळी विमानतळावर एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी टेकले आणि त्याचे नुकसान झाले. चौकशीत वैमानिकाने वरच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिका बनावट निघाली, आणि मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला देशभरातल्या परवान्यांची तपासणी हाती घ्यावी लागली. माझ्या बहिणीच्या मनात असलेली कॉपी ही अशी असते. दारामागे दुसऱ्याचा जीव, वेळ किंवा विश्वास असतो, आणि खोटी किल्ली बनवून ते दार उघडले जाते. रोब्लॉक्सवरच्या जेट विमानामागे यातले काहीच नसते. तिथे फक्त गल्ला असतो.

गल्ला हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. प्रतीक्षा लांबवणे आणि ती तोडण्याची किंमत घेणे हा उघड व्यवसाय आहे, आणि तो मुलांच्या खेळांपुरता मर्यादित नाही. वॉर थंडर या लढाऊ विमानांच्या आणि रणगाड्यांच्या खेळात खेळणे फुकट आहे, पण पुढचे विमान मिळवायला संशोधनाचे गुण साठवावे लागतात आणि लढाईत मोडलेल्या विमानाच्या दुरुस्तीला खेळातले चलन मोजावे लागते. पैसे भरून घेतलेल्या प्रीमियम खात्यावर गुण आणि चलन अधिक मिळते; अधूनमधून बोनस कोडही मिळतात. मे २०२३ मध्ये गायजिन या कंपनीने या अर्थव्यवस्थेत असे बदल सुचवले की खेळणाऱ्यांना आपली कमाई आणखी कठीण होणार असे दिसले. स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पडला. कंपनीने ते बदल मागे घेतले आणि दुरुस्तीचा खर्च, गुण मिळण्याचा वेग यांत सुधारणांचा आराखडा जाहीर केला. मला या घटनेतले एक तथ्य फार मोलाचे वाटते. जो वेग तोवर खेळाचा स्वभावधर्म म्हणून सांगितला जात होता, तो काही आठवड्यांत बदलता आला. म्हणजे तो हवामानासारखा नव्हता; कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेला आकडा होता, आणि प्रौढ खेळाडूंनी एकजुटीने जाब विचारल्यावर तो हलला. अकरा वर्षांच्या मुलांची अशी एकजूट होत नाही. त्यांच्या वतीने विचारायचे तर आपणच विचारायला हवे.

कोड फुकट असतो, हेही अर्धेच खरे आहे. कोड जाहीर होतो तो बहुधा खेळाबाहेर, कुठल्यातरी व्हिडिओत, गटात किंवा सर्व्हरवर. तो मिळवायला तिथे सामील व्हा, पसंती द्या, सूचना चालू ठेवा, असे सांगितले जाते. मुदत लपवलेली असल्यामुळे मुलाला रोज जाऊन पाहावे लागते. पैशांऐवजी लक्ष आणि सवय मोजली जाते, आणि मोजणारा अकरा वर्षांचा असतो. त्यातच खोटे कोड वाटणाऱ्या संकेतस्थळांचे जाळे पसरलेले आहे. आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलाने अशाच एका पानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून खात्याचे नाव आणि पासवर्ड भरला. दुसऱ्या दिवशी त्याचे खाते गेले होते. तीन वर्षांत जमवलेली विमाने, मित्रांची यादी, सगळे. तो मुलगा दोन दिवस जेवला नाही. त्याच्या वडिलांनी त्याला हावरट म्हटले, याचे मला अजून वाईट वाटते. त्याला बाहेर पाठवणारी रचना दुसऱ्या कोणीतरी उभी केली होती. कोड खेळातच, एका ठिकाणी, मुदतीसकट लिहिलेला असता तर त्या मुलाला तो बाहेर हुडकण्याचे कारणच पडले नसते.

कायदा याबाबतीत काय सांगतो? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. विमानांचे हे खेळ त्यात येत नाहीत आणि येऊही नयेत. इथे जिंकण्याची आशा दाखवून पैसे घेतले जात नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती करण्यास मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असले तरी मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे साधन तिसरेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा तेरा रचनांची यादी दिली. पहिलीच आहे खोटी घाई, म्हणजे वस्तू संपत आल्याचा किंवा वेळ सरत आल्याचा बनाव करून माणसाला लगेच खरेदी करायला लावणे. ही तत्त्वे भारतात वस्तू वा सेवा देणाऱ्या मंचांना लागू आहेत. ती केवळ कपड्यांच्या आणि विमान तिकिटांच्या दुकानांपुरती आहेत, असे कुठेही म्हटलेले नाही. खेळाच्या आतल्या दुकानाकडेही त्याच नजरेने पाहिले जावे, असे माझे म्हणणे आहे.

खेळ बनवणाऱ्यांची बाजूही मी विसरलेलो नाही. पुण्यामुंबईत खेळ बनवणारी तरुण मंडळी मला ठाऊक आहेत. रात्रंदिवस राबून बनवलेला खेळ लोकांना फुकट हवा असतो, सर्व्हरचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला भरावे लागते. त्यांनी पैसे मागावेत आणि आपण ते द्यावेत. पण किंमत मागण्याचा सरळ मार्ग सिम्युलेटरच्या जगात कित्येक वर्षांपासून आहे. खेळाची एक किंमत, हवे तर एखाद्या बारकाईने बनवलेल्या विमानाची वेगळी किंमत, वा महिन्याची वर्गणी. माणूस आकडा पाहतो, परवडले तर घेतो. मी स्वतः एका विमानासाठी महिन्याच्या पेट्रोलइतके पैसे दिले आहेत आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही, कारण काय घेतो आहे आणि कितीला, हे दोन्ही मला आधी कळले होते. कंटाळा आधी निर्माण करायचा आणि मग त्यावरचा उतारा विकायचा, या धंद्याला मात्र कष्टाचे मोल म्हणता येत नाही, विशेषतः गिऱ्हाईक पाचवीत शिकत असेल तेव्हा.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. प्रत्येक विमानाच्या पुढे, पैसे न भरता ते मिळवायला साधारण किती तास खेळावे लागेल, हे लिहिलेले असावे. बनवणाऱ्याला तो आकडा ठाऊक असतोच. कोड खेळाच्या आतच जाहीर व्हावा आणि त्याच्या शेजारी शेवटची तारीख असावी. कोडासाठी कुठेही सामील होण्याची, पसंती देण्याची अट मुलांना घालू नये. आणि दुसऱ्यांच्या उड्डाणाशी ज्याचा संबंध नाही असे एकट्याने उडवण्याचे विमान, निदान सरावापुरते, पहिल्या दिवसापासून खुले असावे. यातल्या कोणत्याही मागणीने कुणाचा धंदा बुडणार नाही.

बहिणीला मी हे सगळे सांगितले. तिने मुलीचे कोड बंद केले नाहीत. फक्त खेळाच्या स्वतःच्या पानावरचेच टाकायचे आणि पासवर्ड कुणी मागितला तर आधी आईला सांगायचे, असे दोघींत ठरले. भाची गेल्या महिन्यात फोनवर मला म्हणाली, "मामा, त्या दुकानातली सूट दहा मिनिटांत संपणार असे लिहिलेले असते, पण मी बाहेर पडून परत आले की पुन्हा दहा मिनिटेच दिसतात." अकरा वर्षांच्या मुलीने खोट्या घाईची व्याख्या मला अशी सांगितली. बहिणीने त्या घड्याळाचे सलग तीन दिवस, वेळेसकट, फोटो काढून ठेवले आहेत. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक मी तिला दिला आहे. तक्रारीचा मजकूर आम्ही दोघे मिळून मराठीतच लिहितो आहोत.